तराजूतली नाणी, पोथीतली सुभाषिते

टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे त्याच दिवसापासून झिजायला लागते. गल्ल्यातून, बटव्यातून, हातातून फिरताना दर खेपेला कणभर चांदी जाते. हे सराफाला पूर्वीपासून ठाऊक होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्या झिजेवरून काळ मोजला.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. संख्याशास्त्र नुसते वाचून येत नाही, हाताशी खरा प्रश्न हवा. तो त्यांना आहत नाण्यांत मिळाला. चांदीच्या या प्राचीन तुकड्यांवर ना राजाचे नाव, ना सन. दर्शनी बाजूला ठोकलेली सूर्य, टेकडी, हत्ती अशी चिन्हे आणि पाठीमागे बारीकसारीक ठसे, एवढाच ऐवज. चिन्हांचे अर्थ लावण्यात पंडितांची हयात गेली होती. कोसंबींनी तराजू काढला.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली अशा हजारावर नाण्यांचा साठा सापडला होता. दर्शनी चिन्हे सारखी असलेल्या नाण्यांचा एकेक गट करून कोसंबींनी वजने मांडली. पाठीमागचे ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे दिसून आले. म्हणजे ते ठसे वेळोवेळी नाणे पारखणाऱ्यांचे असणार. पण झीज सगळ्यांची सारखी होत नाही. एखादे नाणे रोज बाजार करते, दुसरे मडक्यात पुरलेले राहते. त्यामुळे काळ लोटतो तशी सरासरी खाली येते आणि वजनांतली तफावत वाढते. हे खरेच घडते का, याचा ताळा पाहायला त्यांनी चालू व्यवहारातली, सन छापलेली हजारो नाणीही तोलली. ताळा जमला, आणि निनावी नाण्यांचा आगेमागे क्रम लावता येऊ लागला.

इथून अर्थशास्त्र फार लांब नव्हते. नाणे किती झिजले यावरून व्यापाराची धावपळ कळते, आणि चांदीत किती तांबे मिसळले यावरून खजिन्याची ओढाताण. कौटिल्याने तर रुप्याच्या नाण्यात चौथा भाग तांबे घालायला चक्क सांगून ठेवले आहे. संस्कृत वाचणाऱ्याला तो नियम दिसतो, चांदी तपासणाऱ्याला ती भेसळ. इथे दोघे एकच होते.

मोजदादीची हीच पद्धत कोसंबींनी भर्तृहरीच्या पोथ्यांनाही लावली. भर्तृहरी आपल्याकडे वामन पंडितांच्या समश्लोकीतून पोचला. त्याची शतके तीन, म्हणजे श्लोक तीनशेच्या आसपास हवेत. कोसंबींनी ३७७ पोथ्यांचा आधार घेतला आणि आकडा गेला ८५२ वर! नकलणारा प्रत्येक जण आपल्या आवडीचे एखादे सुभाषित भर्तृहरीच्या नावावर खपवत आला होता. फिरून फिरून नाणे हलके होते, पोथी मात्र जड. कोणता श्लोक कोणत्या प्रांताच्या किती पोथ्यांत आहे, हे मांडत त्यांनी २०० श्लोक भरवशाचे ठरवले, १५२ संशयित, आणि उरलेले ५०० तुरळक सापडणारे म्हणून वेगळे काढले. ही आवृत्ती १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली. अर्पण कुणाला? मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना. वैराग्यशतकाच्या वाचकांनी ते पान कसे पचवले असेल कोण जाणे.

एवढी आकडेमोड हाताने केलेल्या माणसाला यंत्राचे आकर्षण वाटले नसते तरच नवल. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे अभ्यासून आले. त्याआधी, १९४३ साली, वेड्यावाकड्या यादृच्छिक वक्राची ठरावीक घटकांत फोड कशी करायची यावर त्यांनी निबंध लिहिला होता. संगणकात माहिती दाबून साठवायला ती कल्पना आज कामी येते. नाव मात्र नंतर तिथे पोचलेल्या कारहुनेन आणि लोएव्ह यांचे लागले.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना, डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करत, ते मूळ संख्यांविषयीच्या रीमानच्या गृहीतकामागे लागले. संभाव्यतेच्या वाटेने केलेली सिद्धता त्यांनी १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. ती टिकली नाही, नाचक्की झाली, आणि १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. 'एक ना धड' म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. मला ते पटत नाही. नाणी आणि पोथ्या माणसांच्या हातून जातात, तिथे योगायोगाचे गणित चालते. मूळ संख्या तशा कुणाच्या हातून जात नाहीत. सवयीचे हत्यार त्यांनी इथेही उचलले, इतकेच.

त्याच हत्याराने जनुकांचे काम मात्र चोख केले. पिकांच्या गुणसूत्रांचे नकाशे काढणाऱ्या संगणकप्रणालींत आजही 'कोसंबी' हा पर्याय असतो. अदलाबदलीच्या प्रमाणावरून जनुकांमधले अंतर काढण्याचे हे सूत्र १९४४ सालचे. दोन जनुकांत २० टक्के अदलाबदल दिसली, तर हॉल्डेनच्या दुसऱ्या सूत्राने अंतर येते साडेपंचवीस सेंटिमॉर्गन आणि कोसंबींच्या सूत्राने एकवीस. एका जागी अदलाबदल झाली की लगतच दुसरी सहसा होत नाही, हे कोसंबींनी हिशेबात धरले होते.