भेंडीबाजार बदलतोय : कुटुंबासह जाताना एवढं लक्षात असू द्या

सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं की आपल्या घरात पहिली यादी बनते ती भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडची. लग्नाचं कापड, अत्तर, जानमाज, मुलांसाठी उर्दू पुस्तकं आणि परतताना मिठाईचा डबा. पण पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला भेंडीबाजार डोक्यात ठेवून गेलात तर ओळखीची गल्ली चटकन सापडणार नाही. जुन्या चाळींच्या जागी उंच टॉवर उभे राहत आहेत. हा बदल काय आहे आणि पाहुणे म्हणून गेल्यावर आपण काय करावं, ते पाहू.

इथल्या बऱ्याच इमारती शंभरीच्या आसपासच्या. भाडे कायद्यामुळे भाडी गोठलेली. एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी करीना, पागडी दिलेला भाडेकरू घर सोडीना. एकेकटी इमारत नव्याने बांधायची तर प्लॉट लहान पडतो. म्हणून 2009 मध्ये दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकरांतल्या अडीचशेच्या आसपास इमारती एकत्र धरून नव्याने बांधायच्या, अशी ही योजना. त्यात सुमारे 3,200 कुटुंबं आणि 1,250 दुकानं येतात. रहिवाशाला किमान 350 चौरस फुटांचं मालकीचं घर, दुकानदाराला नवं दुकान. पहिल्या टप्प्यातल्या टॉवरमध्ये लोक राहायलाही गेले आहेत.

"जुनी शान गेली" असं आपण सहज म्हणतो. आम्हीही म्हणायचो. पण 31 ऑगस्ट 2017 ला, बकरी ईदच्या दोन दिवस आधी, इथली हुसैनी बिल्डिंग कोसळली आणि 33 माणसं गेली. लाकडी जिने, सामाईक संडास आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपणं ही त्या शानची दुसरी बाजू होती.

आता खरेदीचं. बांधकामामुळे बरीच दुकानं तात्पुरत्या जागी गेली आहेत. आमच्या नेहमीच्या अत्तरवाल्यांचं दुकान जागेवर दिसेना, तेव्हा आम्ही बंद पडलं असं समजून निघालोच होतो. शेजारच्या चहावाल्याने नवा पत्ता दिला. चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक असंच परत जातं, मास्टरसाहेब." तेव्हा निघण्याआधी जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन करा. चोरबाजारची मटण स्ट्रीट बघायची असेल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो. वस्तू 'अँटिक' आहे, या शब्दावर पैसे देऊ नका.

खाण्यासाठी रमजानच्या रात्रीच यावं असं काही नाही. मिनारा मशिदीजवळची ती रौनक वेगळीच. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर साधा दिवस बरा. 1923 पासूनच्या नूर मोहम्मदीची नल्ली निहारी, 1936 पासूनच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडची फिरनी आणि अफलातून, शिवाय खारा टँक रोडवरच्या ताजचं हाताने फिरवलेलं आइस्क्रीम, एवढं तरी चाखाच. सोबतच्या बायकांना नमाजला जागा कुठे मिळेल, हे आधी विचारून ठेवा. सगळ्याच मशिदींत तशी सोय नसते.

मुक्कामाचं म्हणाल तर आमचे आजोबा गावच्या जमातीच्या खोलीवर उतरायचे. आज क्रॉफर्ड मार्केटपासून डोंगरीपर्यंत लहान-मोठी गेस्ट हाऊस आहेत. गेल्या वर्षी आम्ही फोटो बघून खोली घेतली. तिथे गेल्यावर कळलं की लिफ्ट नाही. अम्मींचे गुडघे दुखरे, तीन मजले चढायला पाऊण तास लागला. शिवाय समोरच्या बांधकामाचा आवाज रात्रीपर्यंत. म्हणून चार गोष्टी फोनवरच विचारा : लिफ्ट आहे का, बाथरूम खोलीतच आहे का, शेजारी बांधकाम चालू आहे का आणि एकूण पैसे किती. घरातल्या सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा. रमजानचे शेवटचे दहा दिवस खोल्या मिळणं कठीण, तेव्हा आगाऊ बुकिंग करा.

टॉवर पूर्ण होतील, रस्ते रुंद होतील. पण काचेच्या नव्या दुकानात जुना अत्तरवाला, जिल्दसाज, टोपीवाला टिकेल का, हे नुसत्या नकाशावर ठरत नाही. हलवलेल्या जागी गिऱ्हाईक आलं नाही तर नवं दुकान मिळेपर्यंत तो धंदा सोडून देईल. त्यामुळे पुढच्या खेपेला यादीतल्या दोन वस्तू तरी ऑनलाइन न मागवता अशा दुकानातून घ्या, आणि त्यांचा नवा पत्ता नातेवाइकांनाही कळवा.