घर विकायचे : स्वतः की दलालामार्फत?

माणूस जन्मात एखादेच घर विकतो. दलाल वर्षाला कितीतरी व्यवहार जमवतो. हा फरक आधी ध्यानात घ्यावा. धान विकायची आपल्याला सवय आहे. एका वर्षी फसलो तर दुसऱ्या वर्षी शहाणे होतो. घराच्या बाबतीत ते दुसरे वर्ष येत नाही.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरे विकायला का निघतात, ते सर्वांना ठाऊक आहे. मुलगा नागपूरला नोकरीला लागतो. कोणी भिलाईला, कोणी रायपूरला जाऊन राहतो. गावातले कवेलूचे घर बंद पडते. दोन पावसाळे कवेलू फेरले नाहीत की भिंतीत पाणी मुरते. मग म्हातारी माणसे म्हणतात, विकून टाकू. कुणाला दवाखान्यासाठी पैसा हवा असतो, कुणाला कर्ज फेडायचे असते. अशा वेळी दलाल दारात येतो आणि म्हणतो, "काकाजी, तुमच्या हातात किती पडायला पाहिजेत तेवढं सांगा. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

हे "सगळं" कधीही कुणावर सोडू नये. का, ते पाहू.

दलालाचे खरे काम एकच. ते म्हणजे गिऱ्हाईक शोधून आणणे. त्यासाठी तो हिंडतो, फोन करतो, दहा जणांना घर दाखवतो. ही मेहनत आहे आणि तिचे पैसे त्याने मागितले तर त्यात वावगे काही नाही. दलाल म्हटला की चोर, असे आम्ही मानत नाही. पण तुमचे गिऱ्हाईक शेजारच्याच गल्लीत राहत असेल, तर ते शोधायला दलाल कशाला हवा?

खेड्यातले घर बहुधा गावचाच माणूस घेतो. शेजाऱ्याला गोठा वाढवायचा असतो. दोन भाऊ वेगळे झाले की एकाला घर पाहिजे असते. नोकरीवरून परत येणाऱ्यालाही आपल्याच गावात जागा हवी असते. यांना कळवायचे कसे? ग्रामपंचायतीत, राशन दुकानात, पिठाच्या गिरणीत सांगून ठेवा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. बाहेरगावी गेलेली माणसे तेव्हा गावी येतात, पाहुणे येतात, रात्री नाटक-दंडार होते. घराची गोष्ट पसरवायला तो आठवडा फार चांगला. दाराला पाटी लावावी. पाटीवर "मालक स्वतः विकत आहे" एवढे आणि फोन नंबर लिहावा.

गोंदिया शहराची गोष्ट वेगळी. ते रेल्वेचे मोठे जंक्शन. बालाघाटकडची, राजनांदगावकडची माणसे तिथे व्यापाराला येतात. घर घेणारा कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक नसते. मालक नागपूरला आणि घर गोंदियात, असेही असते. प्रत्येक गिऱ्हाइकाला घर दाखवायला गाडीभाडे खर्चून कोण येणार? अशा ठिकाणी चांगला दलाल परवडतो. आमचे मत विचाराल तर, गावातले घर स्वतः विकावे. शहरातले घर, आणि तेही आपण दूर राहत असू तर, दलालामार्फत विकायला हरकत नाही.

आता पैशाचा हिशेब. जुन्या घराच्या व्यवहारात दलाली किती, हे बोलणीवर ठरते. शेकडा एक किंवा दोन मागतात, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून घेतात. समजा, घर ८ लाखांना गेले. शेकडा दोनने दलाली झाली १६ हजार. रक्कम लहान नाही, पण ती डोळ्यांसमोर दिसते. खरे नुकसान होते ते न दिसणाऱ्या रकमेत. दलाल म्हणतो, "तुमच्या हातात ७ लाख. वरचे माझे." आपल्याला वाटते, दलाली वाचली. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाकडून तो साडेआठ लाख घेतो. शेकडा दोनने त्याला १७ हजार मिळाले असते. इथे त्याने दीड लाख नेले. म्हणून "वरचे माझे" हा सौदा कधी करू नये. दलाली शेकड्यात ठरवावी, कागदावर लिहावी, आणि ती रजिस्ट्री झाल्यावरच द्यायची असेही त्यातच लिहावे.

बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, ते आपण पाहिले आहे. बघणाऱ्याला भाव कळत नाही, पण घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कळतो. घराच्या सौद्यात उलटे घडू शकते. बघणाऱ्या सगळ्यांना भाव ठाऊक, आणि घराच्या मालकालाच नाही! यावर उपाय सोपा आहे. भाव बोलताना गिऱ्हाईक, दलाल आणि मालक, तिघेही एका ओसरीवर बसले पाहिजेत. गिऱ्हाइकाशी गाठ घालून द्यायला जो दलाल तयार नाही, त्याला नमस्कार करून पाठवून द्यावे.

दलाल आपलाच मेहुणा किंवा भाचा गिऱ्हाईक म्हणून उभा करतो, स्वस्तात घर घेतो आणि पुढे महाग विकतो, असेही होते. आपल्या देशातला कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्यात लिहिले आहे की मालकाला न सांगता दलालाने स्वतःसाठीच व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. पण कोर्टात जाऊन मागण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. "हे गिऱ्हाईक तुमचे कोण लागते?" असे सरळ विचारावे. त्यात लाज कसली?

दलालीचा दर कुणी दगडावर कोरून ठेवलेला नाही. अमेरिकेत घर विकणारा शेकडा पाच-सहा दलाली देत असे, आणि घेणाऱ्याच्या दलालाचा वाटाही त्यातच असे. लोक कोर्टात गेले. २०२४ साली तिथल्या दलालांच्या मोठ्या संघाने तडजोड केली आणि हे नियम बदलले. एवढ्या मोठ्या देशात दलालीची घासाघीस होते, तर आपण आपल्या ओसरीवर का करू नये?

शहरात नव्या वसाहतीतले प्लॉट आणि फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला मात्र कायदा लागू आहे. तो कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेरा ही संस्था २०१७ पासून हे काम पाहते. महारेराकडे नोंदवलेल्या वसाहतीचा धंदा करणाऱ्या एजंटाला तिथे आपले नाव नोंदवावे लागते आणि त्याला नंबर मिळतो. तो नंबर मागावा. गावातल्या जुन्या घराच्या दलालाला ही नोंदणी नाही. तिथे आपली अक्कल हीच नोंदणी.

दलाल असो वा नसो, घराची किंमत आपल्याला आधी ठाऊक पाहिजे. ती कशी काढावी? गावात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणती घरे विकली गेली, ते विचारावे. प्रत्येक रजिस्ट्रीची सूची क्रमांक दोन निघते. लोक तिला इंडेक्स टू म्हणतात. तिच्यावर किंमत लिहिलेली असते. शाळेत जाणारा नातू असेल तर तो नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर ती शोधून देईल. सरकारचा रेडी रेकनर नावाचा दरतक्ताही असतो. मुद्रांक शुल्क भरताना तो दर आणि ठरलेली किंमत यांपैकी जी जास्त ती धरतात. गावातला जाणता मिस्त्री भिंती, लाकूड, विहीर पाहून अंदाज देतो. या सगळ्यांचा मेळ घालून एक आकडा मनाशी धरावा आणि घरात बायको-मुलांना सांगून ठेवावा.

आता कागद. इथे दलालाची घाई सर्वांत धोक्याची. तो म्हणेल, "ते जमवून घेऊ." कागद असे जमत नसतात. आबादीतल्या घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठ पुष्कळांकडे असतो. तो कर आकारणीचा कागद आहे. त्याने घराची मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवून आबादीची मोजणी होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावची मोजणी झाली असेल, तर ती पत्रिका आधी काढून घ्यावी. जुने विक्रीपत्र, वाटणीपत्र असेल ते जोडून ठेवावे. घर बँकेकडे गहाण असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला लागतो.

बहिणींची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित घरात मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा आहे. २००५ सालच्या कायद्याने तो देशभर पक्का झाला. बहीण आमगावला दिली, तिरोड्याला दिली, म्हणून तिचा हक्क जात नाही. तिला न विचारता घर विकले, तर उद्या घेणारा आणि विकणारा दोघेही कोर्टाच्या पायऱ्या चढतात. दलाल त्या वेळी कुठे असतो? तो दलाली घेऊन मोकळा झालेला असतो. म्हणून सौद्याच्या आधी बहिणीला बोलवावे, साडीचोळी पुरे झाली असे समजू नये, तिचा हिस्सा बोलून घ्यावा आणि विक्रीपत्रावर तिची सही घ्यावी.

आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते. देवरी, सालेकसा भागात हे विशेष सांभाळावे. शहरात नझूलच्या जागेवर घर असेल, तर तिथेही सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. कोणताही दलाल या परवानग्या "मॅनेज" करतो म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि मुख्त्यारपत्र! दलाल म्हणतो, "तुम्हाला हेलपाटे नकोत, मला आममुख्त्यारपत्र करून द्या." ते दिले की तुमच्या नावाने सही करायला तो मोकळा. मुख्त्यारपत्राने मालकी जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. पण त्याच मुख्त्यारपत्राच्या आधारे त्याने रजिस्ट्री करून दिली, तर काय करणार? सही आपल्याच हाताने करावी. कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नये. ज्याला नुकतेच वाचता येऊ लागले आहे, त्याने कागद एकेक अक्षर लावून वाचावा. वेळ लागला तर लागू द्या. समोरचे लोक चुळबुळ करतील, करू द्या.

सौदा ठरला की बयाणा घेतात. त्याची पावती दोन प्रतींत लिहावी. घराची चतुःसीमा, पूर्ण किंमत, बयाण्याची रक्कम, रजिस्ट्रीची तारीख, आणि सौदा मोडला तर बयाण्याचे काय, हे तीत यावे. बयाणा दलालाच्या हाती देऊ नये, घेऊही नये. तो थेट बँकेच्या खात्यात यावा. १ जून २०१५ पासून घराच्या सौद्यात २० हजार किंवा जास्त रोख घेण्यास आयकराच्या कायद्याने मनाई आहे. दोन्हीकडचे लोक निव्वळ शेतीच्या उत्पन्नावर असतील आणि कुणालाच आयकर लागत नसेल, तर सूट आहे. तरीही बँकेतूनच घ्यावे. खात्यावरची नोंद हा उत्तम साक्षीदार.

रजिस्ट्रीशिवाय घराची विक्री होत नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या कोणत्याही घराला हा नियम १८८२ पासून आहे. विक्रीपत्र सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे न्यावे. नोंदणी फी शेकडा एक, पण ३० हजारांच्या वर नाही. मुद्रांकाचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, घेणाऱ्याचा असतो. "अर्धा तुम्ही भरा" असे कुणी म्हणाले, तर हे सांगावे. घर बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांकात शेकडा एकची सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. गिऱ्हाइकाला हे आपणच सांगितले, तर भाव ठरवताना आपले वजन वाढते.

विक्रीपत्र लिहायला वकील किंवा जाणता अर्जनवीस लावावा आणि त्याची फी द्यावी. स्वतः घर विकणे म्हणजे सगळे स्वतः लिहिणे नव्हे. पूर्ण रक्कम खात्यात आल्याची खात्री झाल्यावरच दुय्यम निबंधकासमोर सही करावी. नंतर ग्रामपंचायतीत नवे नाव लावायला अर्ज द्यावा, विजेचे मीटर घेणाऱ्याच्या नावे करून द्यावे, थकलेला घरकर आपण भरून पावती घ्यावी, आणि मग किल्ली द्यावी.