घोडा कुणाचा, घोडा कोणता

बडोद्यात पत्ता सांगताना 'काळ्या घोड्यापाशी' एवढे म्हटले की रिक्षावाला पुढचे विचारत नाही. चौकात अश्वारूढ पुतळा आहे तो सयाजीराव महाराजांचा, पण लोकांच्या तोंडी बसले ते घोड्याचे नाव. त्या चौकातून जाताना पुतळ्यातल्या घोड्यापेक्षा पागेतले घोडेच माझ्या मनात येतात. १७३४ पासून हे शहर गायकवाडांकडे राहिले ते घोडेस्वारांच्या बळावर. त्या घोड्यांची नावे कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, माणसे मात्र आडनावांतून उरली. पागे, पागनीस, शिलेदार, चाबुकस्वार, नालबंद ही आडनावे मराठी घरांच्या पाट्यांवर आजही वाचायला मिळतात. पागनीस म्हणजे पागेचा हिशेब लिहिणारा. या मागोव्याची सुरुवात त्याच्या वहीपासूनच करायला हवी, कारण घोड्याच्या अंगावर कायमची खूण करायची गरज आधी पडली ती त्या वहीला.

फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे, तर शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. सभासदाने १६९७ च्या आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. इतकी बांधेसूद मांडणी असली तरी प्रश्न उरतोच. बारगिराने सरकारचा उमदा घोडा बाहेर विकून जागेवर मरतुकडे तट्टू आणून बांधले तर? एकच घोडा दोन शिलेदारांच्या नावाने हजिरीला उभा राहिला तर? पगार घोड्यामागे मिळत होता, त्यामुळे लबाडीही घोड्याच्या आडूनच होई.

हा रोग मराठेशाहीच्या पुष्कळ आधीचा. अलाउद्दीन खिलजीने घोड्याला दाग आणि माणसाचा हुलिया अशी जोडी बसवली, शेरशहाने ती पुन्हा चालू केली, पण तिला खरे बळ दिले अकबराने, आणि त्यात गुजरातचा संबंध आहे. १५७३ मध्ये गुजरातेतले बंड मोडायला अकबर फत्तेपूर सिक्रीहून अवघ्या नऊ दिवसांत अहमदाबादेवर येऊन धडकला. त्या मोहिमेवरून परतल्यावर त्याने दागाची पद्धत सरदारांवर सक्तीची केली.

खूण कोणती असावी, याचा शोध त्या काळी किती नेटाने घेतला गेला हे आईन-इ-अकबरीत वाचायला मिळते. आधी फारसी 'सीन' अक्षराच्या डोक्याचा आकार घोड्याच्या मानेवर उजव्या बाजूला उमटवत. मग दोन अलिफ एकमेकांना काटकोनात छेदतात अशी खूण आली आणि ती उजव्या मांडीवर गेली. पुढे काही काळ दोरी उतरवलेल्या धनुष्याचा आकार चालला. शेवटी हे सगळे बाजूला ठेवून आकडे घेतले. लोखंडाचे आकडे घडवून ते मांडीवर डागू लागले, कारण त्यात संदिग्धता राहत नव्हती आणि फसवाफसवीला सर्वांत चांगला आळा बसत होता. सुंदर आकारापेक्षा रुक्ष आकडा बरा, हा निर्णय साडेचारशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. आज घोड्याच्या मानेत जी चिप घालतात तिच्यातही एक आकडाच असतो.

तरीही लबाडी थांबली नाही. उसनी माणसे आणि उसने घोडे हजिरीपुरते उभे करणाऱ्या अमीरांबद्दल अकबराच्याच काळातला इतिहासकार बदायुनी याने कडवटपणे लिहून ठेवले आहे. खूण कितीही पक्की असली तरी ती तपासणारा माणूस कच्चा असेल तर तिचा उपयोग नाही.

त्या काळातला एक शब्द मराठीत अजून जिवंत आहे. 'चेहरेपट्टी' हा शब्द आपण आज रूपाबद्दल बोलताना वापरतो, पण मुळात ती शिपायाच्या वर्णनाची नोंद होती. रंग, बांधा, तीळ, जखमेचा वण असे सगळे कागदावर उतरवून घेत. घोड्याचेही वर्णन लिहिले जाई, पण त्या लिहिण्यावर कुणी विसंबत नसे, म्हणून वर तापलेले लोखंड. माणसाची ओळख वाचून पटवायची आणि घोड्याची भाजून, हा फरक मला अस्वस्थ करतो. तो डाग घोड्यासाठी नव्हताच. घोडा कुणाचा, एवढेच तो सांगत होता. घोडा कोणता, किती वर्षांचा, कुठल्या घोडीचा, त्याला काय दुखणे होऊन गेले, हे त्याला विचारायचेच नव्हते.

१८१७ च्या तहाने इंग्रजांनी गायकवाडांवर तीन हजार कामाच्या घोडेस्वारांची फौज तयार ठेवण्याचे कलम घातले. कागदावरचा स्वार आणि मैदानावरचा स्वार यांतले अंतर इंग्रजांनाही ठाऊक होते, म्हणूनच 'कामाच्या' या शब्दाला तिथे वजन आहे. त्याच शतकात ऑस्ट्रेलियातून 'वेलर' घोडे जहाजांनी हिंदुस्थानात येऊ लागले, आणि पैदास करणाऱ्याचा डाग खांद्यावर घेऊनच ते बंदरात उतरत. इथेही खूण मालकाचीच.

कागद आणि लोखंड यांच्याखेरीज ओळखीची एक तिसरी रीत आपल्याकडे होती, आणि तिला मी फार मान देतो. लहानपणी आमच्या ओळखीचा एक म्हातारा मोतद्दार होता. अंधारात घोड्याच्या कपाळावरून आणि मानेवरून हात फिरवून तो घोडा ओळखायचा. त्याची बोटे भोवऱ्यांवर थांबायची. केसांचे हे भोवरे जन्माबरोबर येतात आणि मरेपर्यंत जागा सोडत नाहीत. शालिहोत्राच्या, म्हणजे जुन्या अश्वशास्त्राच्या, परंपरेने त्यांना शुभ-अशुभ ठरवले. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारे आजही आधी भोवरे पाहतात, मग पाय, मग दात. शुभाशुभावर माझा विश्वास नाही, पण त्या निमित्ताने पिढ्यान्पिढ्या डोळा तयार झाला हे खरे. पंचकल्याणी, अबलख, कुमैत हे शब्द म्हणजे घोड्याची चेहरेपट्टीच. मात्र त्या डोळ्याला एक मर्यादा आहे. चारी पाय आणि तोंड पांढरे नसलेल्या एकरंगी घोड्याजवळ सांगण्यासारखे थोडेच असते, आणि जे असते ते रंगवता येते. आमच्या घरच्यांनी एकदा बाजारातून कपाळावर चांद असलेली घोडी आणली होती. पहिल्या पावसाळ्यात चांद धुऊन गेला.

असा घोटाळा फक्त आपल्याच बाजारात होतो असे नाही. १८४४ च्या इंग्लंडमधल्या डर्बीत तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत 'रनिंग रेन' पहिला आला. तो प्रत्यक्षात 'मॅकॅबियस' नावाचा चार वर्षांचा घोडा होता. दावा कोर्टात गेला, न्यायाधीशांनी घोडा हजर करा म्हटले, आणि घोडा हजर झालाच नाही. बक्षीस दुसऱ्या आलेल्या 'ऑर्लँडो'ला मिळाले. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एक माणूस मेंदी आणि कलप लावून चांगले घोडे भलत्याच नावाने पळवत होता. त्याच्यासारख्यांना आवरण्यासाठी तिथे शर्यतीच्या घोड्यांच्या वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला गोंदून नंबर घालायची पद्धत १९४० च्या दशकात सुरू झाली. गोंदण हळूहळू पुसट होते, आणि ते पाहायला ओठ उलटावा लागतो, पण घोडा भाजला जात नाही. माझ्या मते या इतिहासाला वळण मिळाले ते इथे.

नेमक्या याच वर्षांत बडोद्याचे नाव इंग्लंडच्या शर्यतींत गाजत होते. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी देऊन घेतले. तेवढी किंमत त्याआधी एक वर्षाच्या शिंगराला कुणी दिली नव्हती. ते त्या वर्षीचा डर्बी जिंकणाऱ्या 'डांटे'चे सख्खे भावंड होते. महाराजांनी त्याचे नाव ठेवले 'सयाजीराव'. १९४७ मध्ये या घोड्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली, आणि १९४८ मध्ये महाराजांच्याच 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज. त्या २८,००० गिनींच्या शिंगराची ओळख अजून वंशावळीच्या नोंदीवर आणि अंगावरच्या खुणांच्या लेखी वर्णनावर उभी होती. मानेत घालायच्या चिपा अजून कित्येक दशके दूर होत्या.

पुढचा टप्पा १९६६ चा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य कीथ फॅरेल यांनी लोखंड तापवण्याऐवजी गोठवले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेला शिक्का भादरलेल्या कातडीवर काही सेकंद दाबला की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात, आणि पुढे तिथे पांढरे केस उगवतात. काळ्या किंवा कुमैत घोड्यावर हा आकडा दुरून वाचता येतो. पांढऱ्या घोड्यावर शिक्का जास्त वेळ धरावा लागतो, म्हणजे केसच उगवत नाहीत. त्यामुळे बडोद्यातल्या वरातीच्या पांढऱ्या घोड्यांसाठी ही रीत मला पटत नाही.

मग आली चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या कुपीतली, बॅटरी नसलेली. पशुवैद्य ती सुईने मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, कवटीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंतच्या मधल्या भागात घालतो. यंत्र जवळ नेले की पंधरा आकडे दिसतात. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या जातीच्या शिंगरांना १९९९ पासून चिप बसू लागली, युरोपीय संघाने २००९ मध्ये ती नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना लागू केली, आणि इंग्लंडने २०२० मध्ये सगळ्याच घोड्यांना.

चिपेवर एक आक्षेप खरा आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. चोराला ती भीती घालत नाही, आणि यंत्र नसलेल्या गावात ती मुकी असते. तरीही मी तिच्याच बाजूचा आहे, आणि त्याचे कारण चोरी हे नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. १८९९ पासून त्यासाठी देशात कायदा आहे आणि रोग ठरलेल्या जनावराला मारावे लागते. २००६ मध्ये महाराष्ट्रातच या रोगाने पुन्हा डोके वर काढले. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो आणि उत्तर परत येते. पण ते उत्तर दावणीला बांधलेल्या सहा पांढऱ्या घोड्यांपैकी कोणत्या घोड्याबद्दल आहे? तिथे चूक झाली तर निरोगी घोडा मरतो आणि आजारी घोडा नवरदेवाला पाठीवर घेऊन गावभर फिरतो. घोडा कुणाचा, हे त्या क्षणी गौण असते. कोणता, यावर त्याचा जीव असतो.

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न झाले की बडोद्यात वराती सुरू होतील. ज्यांच्या दारी घोडा आहे त्यांना माझी विनंती आहे की त्याआधी पशुवैद्याला बोलवा. त्याला चिप बसवायला सांगा, आणि तिचा नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवा. त्याच पानावर घोड्याचे दोन्ही बाजूंनी चित्र काढून भोवरे, चांद, पायांचे पांढरे आणि जुने वण दाखवा, म्हणजे यंत्र नसले तरी घोडा वाचता येईल. घरी म्हातारा मोतद्दार असेल तर ते पान त्याच्याकडून तपासून घ्या. आणि कुणी तापलेले लोखंड घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.