मोटरहोममधील साहाय्यक ट्रान्समिशन ऑइल कूलर

साहाय्यक ट्रान्समिशन ऑइल कूलर हे स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल हवेच्या झोताने थंड करणारे उपकरण आहे. वाहनात मुळातच असलेल्या ऑइल कूलरच्या जोडीला ते नंतर बसवले जाते, म्हणून त्यास 'साहाय्यक' म्हणतात. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारी आणि मोटरहोम, म्हणजे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली वाहने, यांत त्याचा विशेष वापर होतो. उत्तर अमेरिकेतील बहुतेक मोटरहोमचे गिअरबॉक्स स्वयंचलित असल्यामुळे तेथे हे उपकरण सर्वपरिचित आहे.

उष्णतेचे कारण

पारंपरिक स्वयंचलित वाहनात इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाच्या बाजूची पाती तेल ढकलतात आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सच्या बाजूची पाती फिरतात. दोन्ही बाजूंच्या वेगात जितकी तफावत, तितकी शक्ती तेल घुसळण्यात खर्ची पडून तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडतो, त्यामुळे तफावत नाहीशी होते. परंतु चढावर, कमी वेगात किंवा वारंवार थांबत जाताना हा क्लच सुटतो आणि तेल झपाट्याने तापते.

ही उष्णता किती असू शकते, हे एका उदाहरणावरून कळते. लहान मोटरहोमसाठी वापरल्या जाणाऱ्या फोर्ड ई-४५० या चासीची कमाल वजनमर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५७७ किलो आहे. एवढे वजन ६ टक्के चढावर ताशी ६५ किमी वेगाने चढवण्यासाठी, हवेचा व टायरांचा विरोध वगळूनही, सुमारे ७० किलोवॅट शक्ती लागते. तिचा दहावा भाग जरी गिअरबॉक्समध्ये वाया गेला, तरी २ किलोवॅटचे तीन गीझर एकाच वेळी चालू ठेवल्याहून अधिक उष्णता तेलात उतरते. कोलोरॅडोतील इंटरस्टेट ७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. तेथे हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी विरळ असल्याने तिची उष्णता वाहून नेण्याची क्षमताही कमी होते.

तेलावरील परिणाम

स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल वंगण पुरवते, दाबाने क्लच चालवते आणि उष्णता वाहून नेते. सामान्यतः त्याचे तापमान ८० ते ९५ अंश सेल्सियसच्या आसपास असणे इष्ट मानतात. त्यापुढे तापमानात दर ११ अंशांची वाढ झाल्यास तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. अतितप्त तेल काळपट होते, त्याला करपट वास येतो आणि त्याचा चिकट थर व्हॉल्व्हवर बसतो. पुढे रबरी सील कडक होऊन दाब गळू लागतो व क्लचच्या चकत्या घसरू लागतात. त्या घसरण्याने आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र सुरू झाल्यावर नुसते तेल बदलून गिअरबॉक्स वाचत नाही.

मूळ कूलरची मर्यादा

कारखान्यात बसवलेला कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीत असतो व त्यात तेलाची उष्णता इंजिनाच्या कूलंटला दिली जाते. कूलंट स्वतःच सुमारे ९० अंशांवर असल्यास तेल त्याखाली जाऊ शकत नाही. चढावर इंजिनही तापते. म्हणजे तेलाला गारव्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच हा कूलर दुबळा ठरतो. साहाय्यक कूलर तेलाची उष्णता थेट बाहेरच्या हवेला देतो, हा त्याचा मुख्य लाभ होय.

प्रकार

साध्या प्रकारात पत्र्याच्या पात्यांमधून वळणे घेत जाणारी एकच नळी असते. दुसऱ्या प्रकारात अनेक चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्याच आकारात हा दुसरा प्रकार अधिक उष्णता टाकतो, म्हणून जड मोटरहोमसाठी तो पसंत केला जातो.

जोडणी

तेलाचा क्रम महत्त्वाचा असतो. गिअरबॉक्समधून निघालेले तेल प्रथम रेडिएटरमधील कूलरमध्ये, तेथून साहाय्यक कूलरमध्ये आणि मग गिअरबॉक्सकडे परत जावे, अशी सर्वसाधारण रीत आहे. क्रम उलट केल्यास साहाय्यक कूलरमध्ये थंड झालेले तेल रेडिएटरमध्ये पुन्हा तापू शकते. यासाठी परतीची नळी कोणती, हे वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून निश्चित करतात.

कूलर शक्यतो रेडिएटर व वातानुकूलन कंडेन्सर यांच्या पुढे, सरळ हवा लागेल अशा जागी धातूच्या पट्ट्यांवर बसवतात. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या काड्या आरपार घालून तो अडकवल्यास घर्षणाने रेडिएटरच्या नळ्या झिजण्याचा धोका असतो. इंजिन मागे असलेल्या मोटरहोममध्ये समोरची हवा पोहोचत नसल्यास स्वतंत्र विद्युत पंखा असलेला कूलर वापरतात.

होज पाइप ट्रान्समिशन तेलासाठीच बनवलेला असावा लागतो. कूलंटचा सामान्य पाइप तेलाने फुगतो व फुटतो. पाइप एक्झॉस्टपासून आणि धारदार कडांपासून दूर नेतात, कारण गरम तेल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडल्यास आग लागू शकते. जोडणीनंतर कूलर व पाइप भरण्यापुरते, उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे तेल वाढवून पातळी पुन्हा तपासतात.

मर्यादा व दक्षता

थंड प्रदेशात तेल प्रमाणाबाहेर गार होऊन घट्ट होते व गिअर बदलण्यास विलंब लागतो. त्यासाठी तेल थंड असताना त्याला कूलर टाळून वाट देणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह वापरतात. पूर्वी गिअरबॉक्स निकामी झाला असेल, तर जुन्या कूलरमध्ये अडकलेले धातूचे कण नव्या गिअरबॉक्सला मारक ठरतात. म्हणून तो कूलर धुऊन किंवा बदलूनच पुढील जोडणी करतात.

कूलरची गरज आणि परिणाम दोन्ही तापमापकावरूनच ठरतात. तेलाच्या तळटाकीतील तापमान आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या नळीतील तापमान यांत मोठा फरक असू शकतो. त्यामुळे बसवण्यापूर्वीची व नंतरची तुलना एकाच ठिकाणच्या मापांची करावी लागते. कूलर झिजलेले क्लच दुरुस्त करत नाही, तसेच वजनमर्यादेपेक्षा अधिक ओझे वाहण्याची मुभाही देत नाही. चढावर वेळीच खालचा गिअर घेणे आणि तापमान वाढू लागताच सुरक्षित जागी थांबून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन किंचित वेगाने चालू ठेवणे, हे उपाय कूलर बसवल्यानंतरही आवश्यक राहतात.