१ जुलै ते ३० जून

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत शिरताना वेशीपाशी दोन पाट्या भेटतात. एक नगरपरिषदेची. दुसरीवर दातेरी चाक असते, नाहीतर पाठीला पाठ लावलेली सिंहाची दोन मुखे. पुढे एसटी स्टँडवरचा बाक, शाळेतले हात धुण्याचे नळ, स्मशानभूमीतली शेड, चौकातला बंद पडलेला थंड पाण्याचा कूलर यांवरही तीच चिन्हे दिसत राहतात. चाक रोटरीचे, सिंह लायन्सचे, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यापलीकडे या क्लबांविषयी आपले मत साधारण ठरलेले असते: डॉक्टर, वकील, व्यापारी यांचा जेवणाचा अड्डा, अधूनमधून वह्यावाटप, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो.

हे मत अगदीच खोटे नाही. पण गेली दोन वर्षे मी आमच्या गावच्या रोटरी क्लबची जुनी इतिवृत्ते वाचतो आहे (मी सभासद नाही, कधी नव्हतो), आणि त्या वह्यांतून जे दिसते ते या मतापेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांवर, शिक्षणसंस्थांवर, गणेशमंडळांवर पुष्कळ लिहिले गेले. गावगाड्यात पन्नास-साठ वर्षे रुजलेल्या या क्लबांकडे मात्र अभ्यासकांनी फारसे वळून पाहिलेले नाही.

सुरुवात १९०५ पासून करावी लागते. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बसवले. शहरात नवख्या असलेल्या धंदेवाईकांना मैत्री मिळावी, हा मूळ हेतू. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, म्हणून नाव रोटरी. सेवा नंतर आली. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी केलेला खटाटोप हे क्लबचे पहिले लोकोपयोगी काम समजले जाते. त्याच १९०५ च्या १२ जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तिथे यायचे तर स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, मिळेल त्या तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढायचे, अशी शपथ होती. ना. म. जोशी, ठक्करबाप्पा ही माणसे त्या साच्यातून घडली. दोन संस्था, एकच वर्ष, आणि सेवेच्या दोन टोकांच्या कल्पना. एकीत घरदार बाजूला ठेवायचे. दुसरीत दुकान बंद केल्यावर उरलेला वेळ द्यायचा. मराठी मन आदराने झुकते ते पहिल्या कल्पनेपुढे, हे स्वाभाविकच आहे. पण शपथ घेणारे नेहमीच मूठभर असतात, आणि गावाची बरीच कामे दुकान बंद केल्यावरच्या वेळातच व्हायची असतात.

भारतात रोटरी आली ती १९१९ मध्ये, कलकत्त्याला. मुंबईचा क्लब १९२९ चा. लायन्स ही १९१७ ची शिकागोचीच संस्था. तिचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. हे सारे आधी बड्या हॉटेलांतले, इंग्रजीतले जग होते. तालुक्याच्या गावांत ते पोहोचले स्वातंत्र्यानंतर, जेव्हा तिथे एमबीबीएस डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, कॉलेजचे प्राचार्य असा नवा वर्ग तयार झाला. क्लबांचे 'प्रांत' राज्यांच्या सीमा जुमानत नाहीत. रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या प्रांतात कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव एकत्र नांदतात. सीमाप्रश्नाने जे साधले नाही ते प्रांतपालांच्या भेटीच्या कार्यक्रमपत्रिकेत सहज साधलेले दिसते.

रोटरीचा एक जुना नियम होता: एका व्यवसायाचा एकच सभासद. एक दंतवैद्य, एक सराफ, एक कापडदुकानदार. आपल्या गावांत धंदा आणि जात यांचे नाते किती घट्ट, हे सांगायला नको. त्यामुळे या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जे एरवी फक्त गिऱ्हाईक आणि दुकानदार म्हणून समोरासमोर येत, ते दर आठवड्याला एका पंगतीला बसू लागले. मात्र तो टेबलापुरताच. ज्यांचा व्यवसाय 'व्यवसाय' म्हणून मोजलाच जात नव्हता, त्यांना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. आमच्या वह्यांतल्या पहिल्या काही वर्षांच्या हजेरीत एकही शेतमजूर, एकही सफाई कामगार नाही. बायकांचीही तीच गत. सभासदाची पत्नी ती 'ॲन', मुले 'ॲनेट' असा प्रकार होता. पत्नींची निराळी संघटना इनरव्हील. तिचा उगम १९२४ सालच्या मँचेस्टरमध्ये. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने बायकांना सभासद केले म्हणून त्याला काढून टाकण्यात आले, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. आमच्या गावात बाईंच्या गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडायला त्यानंतरही पुष्कळ पावसाळे जावे लागले.

सभांचे वर्णन वाचताना गंमत वाटते. घंटा वाजवून सभा सुरू, उशिरा येणाऱ्याला दंड, वाढदिवसाच्या टाळ्या, मग पाहुण्यांचे भाषण. बोलणे सगळे मराठीत आणि इतिवृत्त इंग्रजीत, तेही अशा इंग्रजीत की मूळ मराठी वाक्य मागे ऐकू यावे. आंतरराष्ट्रीय वर्गणी डॉलरमध्ये मोजायची असल्याने रुपया घसरला की आमच्या गावचा किराणा व्यापारी हळहळतो. जागतिक अर्थव्यवस्थेशी असा थेट संबंध इथे दुसऱ्या कोणत्या संस्थेचा असेल असे वाटत नाही.

या सगळ्याहून महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. अध्यक्ष एक वर्षाचा. १ जुलैला कार्यभार घ्यायचा, ३० जूनला सोडायचा. माझ्या मते क्लबचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका नियमातून निघतात.

गुण आधी सांगतो. आपल्याकडची कोणतीही संस्था घ्या: पतपेढी, दूध संघ, शिक्षणसंस्था. खुर्चीत बसलेला माणूस उठत नाही. उठला तर मुलाला बसवून उठतो. निवडणूक आली की पॅनेल आले, पॅनेल आले की गावात दोन तट. क्लबमध्ये हे फारसे घडत नाही, कारण भांडून मिळवण्याजोगे तिथे काही नसते. खुर्ची वर्षात जाणार, मागे ना मालमत्ता ना नोकरभरती. उलट अध्यक्षपद गळ्यात पडू नये म्हणून टाळाटाळ करणारे वह्यांत जागोजाग भेटतात. औषधदुकानदाराला सभा चालवता येते, लाजाळू शिक्षकाला प्रांतपालांसमोर बोलता येते, ते याच नियमामुळे.

दोष समजून घ्यायचा तर झाडे पाहावीत. १ जुलै हा आपल्याकडे कृषिदिन, डॉक्टर दिन आणि चार्टर्ड अकाउंटंटांचाही दिवस. तेव्हा नव्या अध्यक्षाचे वर्ष सत्कारांनी उघडते आणि लगेच वृक्षारोपण येते. पाऊस असतो, उत्साह असतो, खड्डे तयार असतात. रोप लावताना पाचजणांचे हात एका रोपाला लागतात. पण आमच्याकडच्या झाडाला माणसाची खरी गरज पडते ती मार्च ते मे. तेव्हा टँकर हवा असतो, कुंपण हवे असते. आणि नेमके तेव्हा मावळते अध्यक्ष अहवाल लिहीत असतात, नियोजित अध्यक्ष आपल्या पदग्रहणाची तयारी करत असतात. झाड दोन अध्यक्षांच्या मधल्या फटीत वाळते. पुढच्या जुलैत त्याच टेकडीवर, कित्येकदा त्याच खड्ड्यात, नवे रोप लागते. वह्यांत एकाच टेकडीवरच्या वृक्षारोपणाच्या नोंदी मी मोजत गेलो आणि एका टप्प्यावर मोजणे सोडून दिले. टेकडी अजून बोडकी आहे.

डोळ्यांच्या शिबिरांचा इतिहास याहून बरा. हेलन केलरने १९२५ मध्ये लायन्सना अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले तेव्हापासून नेत्रसेवा हे त्यांचे खास क्षेत्र. आपल्याकडे रोटरीनेही ते उचलले. पूर्वी शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत शस्त्रक्रिया होत आणि म्हाताऱ्यांना जाड भिंगांचा चष्मा मिळे. आता गावात फक्त तपासणी होते, रुग्णांना गाडीने मोठ्या रुग्णालयात नेऊन डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू 'पिकायला' हवा आणि ऑपरेशन थंडीतच करावे, ही समजूत काढता काढता कार्यकर्त्यांची निम्मी शक्ती जाते. तपासणीच्या दिवशी मंडप असतो, पाहुणे असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला मंडप नसतो. थेंब वेळेवर घातले का, डोळा लाल झाला का, हे पाहायला वाडीवर कोण जाणार? ज्या वर्षी एखादा सभासद आपली जीप काढून गेला, त्या वर्षीच्या नोंदी समाधानाच्या आहेत. इतर वर्षी नोंदच नाही.

एक वर्षाच्या या नियमाला मोठा अपवाद पोलिओचा. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि तो पुढच्या कोणाही अध्यक्षाला बदलता आला नाही. आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ मध्ये देशभर सुरू झाला. २००९ मध्येसुद्धा भारतात ७४१ रुग्ण सापडले होते. २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक चिमुरडी. २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. यात सिंहाचा वाटा सरकारी यंत्रणेचा, आशा आणि अंगणवाडी सेविकांचा. आमच्या क्लबचा वाटा म्हणजे रविवारी बूथवर टेबल-खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, सेविकांचा चहा-नाश्ता, आणि करंगळीवर शाई नसलेले पोर बाजारात दिसले की त्याला बूथवर आणणे. काम छोटे, पण ते दर वर्षी, अध्यक्ष कोणीही असो, झाले.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. क्लबचे एक काम असे आहे की ज्याला ना पाहुणे लागतात ना मंडप. एका औषधदुकानाच्या मागच्या खोलीत चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्च्या, एअर बेड, डोक्याकडची बाजू वर करता येणारी लोखंडी खाट असे साहित्य ठेवले आहे. म्हातारी न्हाणीत घसरून खुब्याचे हाड मोडले, वडिलांना अर्धांगाचा झटका आला, की घरच्यांना अचानक या वस्तू लागतात, आणि तीन-चार महिन्यांनी त्या माळ्यावर धूळ खातात. विकत घेणे परवडत नाही, परवडले तरी शहाणपणाचे नसते. म्हणून अनामत रक्कम ठेवून वस्तू न्यायची, परत केली की अनामत परत. व्यवहार एवढाच.

या खोलीची नोंदवही मी दुकानाच्या काउंटरवर बसून वाचली. इतिवृत्ते इंग्रजीत, ही वही मराठीत. नाव, गाव, वस्तू, अनामत, तारीख, सही. 'परत' या रकान्यात बऱ्याच ठिकाणी दुकानदाराने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला आहे: 'वारले'. अशी वस्तू घरी ठेवायला कोणी तयार नसते. तेरावा झाला की, कधी त्याआधीच, खाट टेंपोत घालून परत येते. पुष्कळ जण अनामत मागत नाहीत. ते पैसे घेणे त्यांना नको वाटते. नवा एअर बेड त्याच पैशांतून येतो. काही वर्षांनी त्याच घरातले दुसरे कोणी खाट मागायला येते, तेव्हा दुकानदार जुने पान काढत नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत या खोलीसमोर रात्रीही माणसे उभी असत. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द तेव्हा गावाला नवा होता. क्लबने मिळवलेली यंत्रे एका घरातून दुसऱ्या घरात जात. मधे फक्त पुसणे आणि नळी बदलणे. त्या दोन महिन्यांची पाने वहीत अशा घाईने लिहिलेली आहेत की काही ठिकाणी गावाचे नावच राहिले आहे. तीच यंत्रे आज कोपऱ्यात आहेत. त्यांचे फिल्टर बदलायला हवेत, अधूनमधून ती चालवून पाहायला हवीत. दुकानदार महिन्यातून एकदा सगळी सुरू करतो आणि घरघर ऐकत बसतो.

हा गृहस्थ क्लबचा अध्यक्ष एकदाच झाला, फार वर्षांपूर्वी. नंतर कोणत्याही पदावर तो नाही. म्हणूनच त्याचे काम ३० जूनला संपत नाही. आता त्याचे गुडघे दुखतात, मुलगा पुण्याला नोकरीत आहे, आणि दुकान पुढे चालवायचे की गाळा विकायचा, हे घरात ठरत नाही. क्लबमध्येही तरुण सभासद फार थोडे आहेत. कॉलेजातली मुले रोटरॅक्टमध्ये येतात आणि पदवी मिळाली की पुणे-मुंबई गाठतात. खोलीचे पुढे काय, हा विषय गेल्या तीन वर्षांच्या इतिवृत्तांत तीनदा आला आहे. तिन्ही वेळा ठराव एकच: साहित्य केंद्रासाठी समिती नेमावी. समिती नेमलीही गेली. तिची मुदत ३० जूनपर्यंत होती. खोलीची किल्ली अजून काउंटरच्या खालच्या खणातच आहे.