रिव्हॉल्व्हरचे काडतूस

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधील पाच किंवा सहा घरांत बसणारे काडतूस. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी हे त्याचे भाग होत. काडतुसाची शक्ती म्हणजे नळीतून बाहेर पडताना गोळीच्या अंगी असलेली गतिज ऊर्जा. ती जूल या एककात मोजतात. ही ऊर्जा गोळीच्या वजनाच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शस्त्रविद्येच्या प्रगतीबरोबर ही शक्ती सतत वाढत गेली, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेपुरताही तो अर्धवटच खरा आहे. ब्रिटिश लष्करात व भारतात तर शक्ती टप्प्याटप्प्याने कमी होत गेली.

सॅम्युएल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी एकस्व १८३६ मध्ये मिळाले. आरंभी प्रत्येक घरात सुटी दारू व गोळी ठासावी लागे. काळ्या दारूचा दाब मर्यादित असल्याने शक्ती वाढविण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे अधिक दारू व अधिक जड गोळी. १८४७ च्या ‘वॉकर’ नमुन्यात एका घरात सु. ४ ग्रॅम दारू मावे व ऊर्जा ५०० जूलच्या पुढे जाई. मात्र शस्त्राचे वजन दोन किलोग्रॅमहून अधिक होते आणि ते कमरेऐवजी खोगिराला अडकवीत. १८७३ चे ०·४५ कोल्ट हे धातूच्या पुंगळीचे काडतूस साधारण याच शक्तीचे होते. समोरचा स्वार नव्हे, तर त्याचा घोडाही थांबला पाहिजे, अशी घोडदळाची अपेक्षा असे. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठच्या शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश छावणी होती आणि ‘पूना हॉर्स’ हा रिसाला तेथे दीर्घकाळ होता. त्या काळी ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने विकत घेत आणि हातघाईच्या प्रसंगी उपयोगी पडावी म्हणून बहुधा जाड गोळीच पसंत करीत.

ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याची चौकट बिजागरीवर मोडून उघडते, त्यामुळे काडतुसे भराभर बदलता येतात. परंतु याच रचनेमुळे तिला फार मोठा दाब सोसत नाही. कॉर्डाइट ही निर्धूम दारू आल्यावर तेवढेच काम थोड्या दारूत होऊ लागले. तेव्हा वेग वाढविण्याऐवजी १८९७ मध्ये ०·४५५ काडतुसाची पुंगळीच आखूड करण्यात आली. सु. १७ ग्रॅम वजनाची ही गोळी सेकंदास सु. १८० मीटर वेगाने जाई. ऊर्जा २९० जूलपेक्षा कमीच भरे. पहिल्या महायुद्धानंतर जड शस्त्र थोड्या शिक्षणात शिपायाच्या हाती बसत नाही, असे ठरून ०·३८० इंचाचे काडतूस पुढे आले. त्याची १३ ग्रॅमची शिशाची गोळी सु. २३० जूल ऊर्जा देई. उघडी शिशाची गोळी युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या विरुद्ध ठरण्याची भीती वाटल्याने १९३० नंतरच्या दशकात तिच्या जागी अधिक हलकी, धातूच्या वेष्टनाची गोळी आली आणि ऊर्जा आणखी घटली. १८६९ पासून चालू असलेल्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात या जातीची काडतुसे तयार झालेली आहेत. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे.

अमेरिकेत याच सुमारास उलट दिशेने वाटचाल झाली. तेथील ०·३८ स्पेशल हे पोलिसी काडतूस सु. २७० जूलचे होते. १९३५ मध्ये त्याचीच पुंगळी सु. ३·४ मिलिमीटरने लांबवून ०·३५७ मॅग्नम सिद्ध झाले. त्याची ऊर्जा ७०० जूलच्या वर जाते. ही लांबी अधिक दारू मावावी म्हणून नव्हे, तर नवे काडतूस जुन्या, कमकुवत सिलिंडरमध्ये शिरूच नये म्हणून वाढविली होती. १९५५ च्या ०·४४ मॅग्नमने १,२०० जूलची मर्यादा ओलांडली. २००३ मध्ये आलेले ०·५०० स्मिथ अँड वेसन त्याच्याही दुपटीपलीकडे गेले. अशी काडतुसे शिकारीच्या उपयोगाची आहेत. कमरेला बाळगण्याच्या शस्त्रात त्यांचा धक्का बहुतेकांना पेलत नाही.

भारतात खाजगी रिव्हॉल्व्हरची शक्ती कायद्याने ठरविली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांत ०·३८० व ०·४५५ इंचाची काडतुसे ज्यांत बसतील व उडतील अशी रिव्हॉल्व्हरे निर्बंधित वर्गात घातली गेली. लष्करी दारूगोळा खाजगी शस्त्रांत वापरता येऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. त्यामुळे १८९६ चे ०·३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे जुने काडतूस येथे टिकून राहिले. त्याची सु. ६·३५ ग्रॅमची गोळी साधारण १४५ जूल ऊर्जा देते, म्हणजे ०·४५५ च्या निम्मी. शिरूर किंवा दौंड तालुक्यातील परवानाधारकाच्या घरी रिव्हॉल्व्हर असल्यास ते बहुधा याच मापाचे असते. कानपूर येथे तयार झालेली ‘निर्भीक’ (२०१४) व ‘प्रबल’ (२०२३) ही रिव्हॉल्व्हरेही त्याच काडतुसाची आहेत. पल्ला अधिक असल्याच्या जाहिरातीवरून काडतूस बदलले असे समजू नये. दौंड येथे राज्य राखीव पोलीस बलाचे ५ व ७ क्रमांकाचे गट आहेत. अशा सशस्त्र पोलिसांचे मुख्य शस्त्र रायफल होय, तर पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच्या जागी बव्हंशी ९ मिलिमीटर पिस्तूल आले आहे. त्याच्या काडतुसाची ऊर्जा ५०० जूलच्या आसपास असते.

दुर्बळ म्हटले जाणारे ०·३२ चे काडतूसही प्राणघातक आहे. वरातीत किंवा मिरवणुकीत हौसेने केलेल्या गोळीबारात माणसे दगावली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो : काळ्या दारूच्या काळातील सिलिंडर निर्धूम दारूच्या दाबाने फुटू शकतो. मापाच्या आकड्यावरूनही काडतुसाची ओळख पटत नाही. ०·३८० व ०·३८ स्पेशल ही नावाने जवळची असली, तरी एकाऐवजी दुसरे वापरता येत नाही. पुंगळीच्या बुडावरील छाप व नळीवरील अक्षरे ताडून पाहिल्याखेरीज जुन्या शस्त्रात काडतूस भरू नये.