मातृसेवेचे नियम, लेखांक ६ : इंजेक्शन द्यायचं कुणी?

गेल्या आठवड्यात आपण गरोदरपणात वाढणाऱ्या रक्तदाबाबद्दल वाचलं. तो हाताबाहेर गेला की बाईला झटके येतात आणि तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटच द्यावं लागतं, इथपर्यंत आलो होतो. लेबर रूममध्ये सगळे त्याला मॅगसल्फ म्हणतात. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ : ते इंजेक्शन द्यायचं कुणी?

नर्स आणि मिडवाइफ यांच्यासाठी देशपातळीवर मार्गदर्शक सूचना लिहायला बसलं की हाच प्रश्न पानोपानी समोर येतो. कुठलं औषध गुणकारी, ते संशोधनातून कळतं. ते औषध कुणाच्या हाती द्यायचं, कुठल्या टप्प्यापर्यंत द्यायचं आणि काही बिनसलं तर ते देणाऱ्या नर्सच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे मात्र माणसांनी बसून ठरवावं लागतं. माझ्या मते सूचनांची खरी पारख तिथे होते.

मॅगसल्फबद्दलचा औषधापुरता वाद १९९५ साली मिटला. झटके आलेल्या १,६८७ बायकांवरचा अभ्यास त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तो नऊ देशांत झाला होता, त्यांत भारतही होता. मॅगसल्फ दिलेल्या बायकांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपाम दिलेल्यांच्या निम्मं, तर फेनिटॉइन दिलेल्यांच्या एक तृतीयांश निघालं. औषध स्वस्त आणि साठवायला सोपं. पण उपकेंद्रात एकटीच असलेल्या एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेला, या निकालाचा उपयोग काय? डॉक्टर पीएचसीत, नाहीतर त्याहून लांब ग्रामीण रुग्णालयात, आणि झटका आलेली बाई हिच्यासमोर.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एएनएम, एलएचव्ही आणि स्टाफ नर्स यांच्यासाठीच्या सूचना २०१० मध्ये सुधारून काढल्या. त्यात हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. एएनएमने पहिला डोस द्यायचा आणि लगेच बाईला पुढे पाठवायचं. पहिला डोस म्हणजे ५० टक्के द्रावणाचं पाच ग्रॅम एका कुल्ल्यात आणि पाच ग्रॅम दुसऱ्या कुल्ल्यात, स्नायूत खोलवर. दोन मिलिलिटरच्या एका अॅम्प्यूलमध्ये एक ग्रॅम औषध असतं. म्हणजे झटका आलेल्या बाईला डाव्या कुशीवर वळवून, तिचा श्वास मोकळा ठेवून, नातेवाइकांना गाडीसाठी पिटाळून, या एकटीने दहा अॅम्प्यूल फोडायच्या, औषध ओढायचं आणि दोन मोठी इंजेक्शनं द्यायची. सूचनेत ही एक ओळ असते, प्रत्यक्षात त्यात कित्येक मिनिटं जातात.

आणि तिला पहिलाच डोस का, पूर्ण उपचार का नाही? पूर्ण उपचाराची सुरुवात चौदा ग्रॅमने होते, त्यातले चार ग्रॅम शिरेतून हळूहळू द्यावे लागतात. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची, श्वास मोजायचे, लघवी किती झाली ते बघायचं. औषधाचा अतिरेक झाला तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. उपकेंद्रात हे सगळं होणं कठीण. म्हणून लिहिणाऱ्यांनी उपचार नेमका त्या ठिकाणी तोडला, जिथे उपकेंद्राची ताकद संपते आणि जिवाचा धोका बऱ्यापैकी टळलेला असतो. मला हे फार कसबाचं काम वाटतं. सगळंच डॉक्टरांकडे ठेवलं असतं तर बाई रस्त्यात दगावली असती, आणि सगळंच एएनएमवर टाकलं असतं तर तिने ते धास्तीपोटी केलंच नसतं.

धास्तीचं बोलायला हवं. सूचनेत ती ओळ नसेल तर इंजेक्शन देणारी नर्स ते स्वतःच्या जबाबदारीवर देते. पुढे काही झालं की पहिला प्रश्न येतो, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” इंजेक्शन न देता बाईला तशीच पुढे पाठवणारी कागदावर मात्र सुरक्षित राहते. लेखी सूचना हे पारडं फिरवते. म्हणून नर्ससाठीच्या सूचनांची भाषा मोघम असून चालत नाही. ‘आवश्यकतेनुसार योग्य ते उपचार द्यावेत’ हे वाक्य नर्सला काहीच देत नाही, आणि चौकशीच्या वेळी तिच्या विरोधात मात्र वापरता येतं.

आता या सूचनांमागचा पुरावा कुठून येतो ते पाहू. त्यासाठी बेळगावला जावं लागतं.

सूचना तयार करताना आधी प्रश्न बांधून घेतात : कुणासाठी, कुठला उपाय, कशाच्या तुलनेत, आणि काय साधण्यासाठी. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबाबत तो प्रश्न असा होता : जिथे डॉक्टर नाही, फ्रिज नाही, तिथे बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का? बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांवर हा अभ्यास झाला. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर तो केला. बाळंतपणं करणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या खेड्यांतल्या एएनएम. अर्ध्या बायकांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दिलं, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. हजाराच्या वरचा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट घडली, ती मला आकड्यांइतकीच मोलाची वाटते. रक्त मोजायचं कसं, हा प्रश्न होता. चादर भिजली, फरशीवर सांडलं, कापडाचे बोळे भरले, यावरून अंदाज बांधायची पद्धत. म्हणून प्लास्टिकची एक साधी चादर तयार केली. ती बाईच्या कुल्ल्यांखाली सरकवायची. तिचं टोक निमुळत्या पिशवीसारखं खाली लोंबतं आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या असतात. रक्त त्यात जमतं आणि नर्सला आकडा दिसतो. डोळ्यांनी केलेला अंदाज आणि या चादरीवरचं माप ताडून पाहिलं तेव्हा अंदाज सरासरी एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे बाई धोक्यात गेलेली असायची आणि नोंद ‘रक्तस्राव सामान्य’ अशी व्हायची. यात नर्सचा निष्काळजीपणा नव्हता, तिच्या हातात मापच नव्हतं.

खुणांची ही कल्पना पुढे आफ्रिकेत पोचली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बायकांचा समावेश असलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी चादर वापरून रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि मग गर्भाशयाची पिशवी चोळणं, ती आकसण्याचं औषध, ट्रॅनेक्झामिक अॅसिड, सलाइन, तपासणी हे एकामागून एक न करता एकत्र करायचं. पूर्वीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जवळपास निम्म्याच केसेस ओळखल्या जात होत्या. नव्या पद्धतीत हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

बेळगावच्या एएनएमनी पुरावा उभा केला, म्हणून आता गोळ्याच सगळीकडे द्या, असं कुणी म्हटलं तर? तसं होत नाही. ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन हा आजही पहिला पर्याय आहे. ते जास्त गुणकारी आहे, आणि मिसोप्रोस्टॉलने बाईला थंडी वाजते, ताप येतो. पण ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला माणूस लागतो. म्हणून सूचनेत उतरंड लिहितात : ऑक्सिटोसिन असेल तर ते, नसेल तर २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने. आणि दोन्हींच्या आधी एक वाक्य हवंच : पोटावर हात ठेवून पोटात दुसरं बाळ नाही ना, याची खात्री करा. जुळं असेल आणि पहिल्या बाळानंतर लगेच औषध गेलं तर पिशवी आत असलेल्या बाळावर आवळते. हे वाक्य लिहायला कुठल्याही मोठ्या अभ्यासाची गरज नाही, लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या माणसाची आहे.

पुराव्याच्या खात्रीची प्रतवारी असते : उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. शिफारशीचं बळ त्यावर अवलंबून असतंच, पण तेवढ्यावरच नाही. खर्च, बायकांना काय हवंय, गरिबातल्या गरीब बाईपर्यंत ते पोचेल का, हेही तोलतात. कळा देताना आईजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि आपल्या सरकारने २०१६ मध्ये सरकारी संस्थांत तशी परवानगी दिली. या शिफारशीला काही खर्च नाही. बाळ लवकर बाहेर यावं म्हणून पोट दाबायला मात्र संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत नकार आहे. सरसकट टाक्यांची चीर, एनिमा आणि केस काढणं यांनाही तिथे नकार आहे. नर्सिंग शाळेत ज्या गोष्टी शिकवल्या गेल्या, त्या बंद करायला सांगणं हे नव्या गोष्टी शिकवण्यापेक्षा अवघड काम.

चांगली सूचना लिहिली की मृत्यू कमी होतात, असं मात्र समजू नये. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य संस्था घेऊन, त्यांतल्या निम्म्या संस्थांत सुरक्षित बाळंतपणाची तपासयादी आणण्याचा आणि कर्मचाऱ्यांना शेजारी उभं राहून ती शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. दीड लाखांहून जास्त बाळंतपणं त्यात होती. २०१७ मध्ये निकाल आला. कामाची पद्धत स्पष्टपणे सुधारली होती, पण मातांच्या आणि बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नव्हता. मी त्यातून असं वाचते की यादी हातात आल्याने हात धुतले जातात, पण रक्त हवं तेव्हा रक्त आणि सिझेरियन हवं तेव्हा भूलतज्ज्ञ यादीतून येत नाही.

मनुष्यबळाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८ च्या शिफारशींनुसार कळांच्या सक्रिय टप्प्यात बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचे, बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, आणि दर वेळी किमान एक मिनिट. आता एका रात्रपाळीच्या नर्सकडे कळा देणाऱ्या तीन बायका आहेत, त्यातली एक जोर लावतेय, आणि चौथी नुकतीच बाळंत झाल्यामुळे तिची नाडी, बीपी, रक्तस्राव दर पंधरा मिनिटांनी पाहायचाय, असं धरा. गणित बसत नाही. मग नोंदींचा कागद पाळीच्या शेवटी एका बैठकीत भरला जातो. त्याला खोटेपणा म्हणून नर्सला मेमो देणं सोपं आहे. सूचना लिहिणाऱ्या समितीत एक तरी रात्रपाळी करणारी स्टाफ नर्स आणि उपकेंद्रातली एक एएनएम असेल, तर ती हे गणित पहिल्याच बैठकीत मांडेल, आणि किती बायकांमागे किती नर्स हा आकडा सूचनेतच लिहून घेईल.

‘कुणी द्यायचं’ या प्रश्नाला किती काळ लागतो, याचा एक दाखला आपल्या गडचिरोलीतला आहे. तो बाळांबद्दलचा आहे, पण मुद्दा तोच. गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन, गरज पडल्यास जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊन नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, हे अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर आला, पण इंजेक्शन वगळून. ठरावीक परिस्थितीत ते देण्याची मुभा एएनएमना मिळाली २०१४ मध्ये. पुरावा आणि परवानगी यांच्यात पंधरा वर्षं गेली.

मातृसेवेत मोठं पाऊल पडलं ते डिसेंबर २०१८ मध्ये. केंद्राने मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणीकृत नर्सने अठरा महिन्यांचं जास्तीचं प्रशिक्षण घ्यायचं आणि धोका नसलेली बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करायची, त्यासाठी रुग्णालयातच मिडवाइफच्या देखरेखीखालचा वेगळा विभाग असायचा, अशी ती रचना आहे. २०२३ मध्ये १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. अठरा महिने शिकून आलेल्या मिडवाइफला पुन्हा मेडिसिन वॉर्डात ड्यूटी लावली, तर तिच्या हातातलं कसब वर्षभरात गंजतं. तिची नेमणूक लेबर रूममध्येच राहील, हे सूचनेत आणि बदल्यांच्या आदेशात दोन्हीकडे लिहायला हवं.

२०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्रावाचा उंबरठा बदलला. नाडी किंवा बीपी बिघडलं असेल तर पाचशेची वाट न पाहता तीनशे मिलिलिटरलाच हालचाल करायची. लेबर रूमच्या भिंतीवरचे जुने तक्ते मात्र पाचशेच सांगत राहतील. म्हणून प्रत्येक तक्त्यावर तो कधी काढला आणि कधी तपासायचा, या दोन तारखा हव्यात, आणि जुना तक्ता उतरवण्याची जबाबदारी जिल्ह्यातल्या एका नेमून दिलेल्या व्यक्तीकडे हवी. मातामृत्यूच्या चौकशीतून पुढे आलेली माहिती या सूचनांपर्यंत कशी पोचते आणि वाटेत कुठे अडते, ते पुढच्या आठवड्यात.